विझल्यावर सगळ्या पांढऱ्या

अक्षरं सगळी सुखरूप उतरली आणि फूल तेवढं फुटलं. बांबूच्या परांचीवर चढलेल्या दोघा कामगारांनी पांगशेठच्या चहाघराची निऑनच्या नळ्यांची पाटी सकाळपासून एकेक अक्षर करून खाली सोडली होती, दोरीला बांधून, मधे चिंध्या घालून, अगदी जिवापाड जपून. शेवटी राहिलं होतं मधलं बोगनवेलीचं फूल. नेमका तेव्हाच खाली कुणीतरी ट्रक मागे घे म्हणून ओरडला, वरच्याची मान वळली, दोरी सरकली आणि झालं. फुंग युत-मुई समोरच्या औषधाच्या दुकानापाशी उभी होती. फूल फुटल्याचा आवाज तिला आलाच नाही. तिला दिसलं ते एवढंच की जवळून जाणाऱ्या बाईनं खांदे आवळून घेतले आणि तशीच पुढे गेली. मग युत-मुई चहाघरात शिरली, केरसुणी आणि सुपली मागून घेतली, नाकातोंडाला रुमाल बांधला आणि बघ्यांना मागे हटवलं. फुटक्या नळीतला पारा वाईट. त्याचे बारीक मणी फरशीच्या फटींतून पळत सुटतात, कागदाची घडी आडवी धरून त्यांना वळवून आणावं लागतं. तशी घडी करून ती गुडघ्यांवर बसली, काचा गोळा केल्या, पुडकं बांधलं. पण उठून चालायला लागली तसं काहीतरी विसरल्यासारखं वाटायला लागलं. घराला कुलूप घातलं की नाही असं जिन्यावर वाटतं ना, तसं. बसमध्ये बसल्यावरही ते जाईना. हातात कागदाची घडी तशीच होती. तिनं ती पिशवीत टाकली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

बघण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणा. याउ मा तेईच्या जुन्या बाजारपेठेतल्या रस्त्यांवरून एके काळी पाट्या अशा लोंबायच्या की डबलडेकर बसच्या वरच्या मजल्यावर बसलेल्यानं हात काढला तर एखादं अक्षर हाताला लागावं. आता सरकारी नोटिसा येत होत्या, पाट्या उतरत होत्या, आणि जुन्या भिंतींवर अँगल ठोकल्याच्या भोकांच्या रांगा तेवढ्या राहत होत्या. युत-मुईचा या सगळ्यावर राग होता. पण राग धरून बसायला वेळ कुणाला होता? क्वुन टोंगच्या कारखान्याच्या इमारतीत तिची खोली होती, तिथं बर्नर, पंप, काचेच्या नळ्यांचे गठ्ठे आणि ती, एवढंच. कामं कमी येत, पण येत. सिनेमावाले येत, हौशी तरुण पोरी येऊन आपली नावं करून नेत. वाकवायला ती उत्तम होती, हे तिचे शत्रूसुद्धा कबूल करत. नळी ज्योतीवर फिरवायची, मऊ पडली की तोंडातल्या रबरी नळीतून हळूच फुंकर घालायची म्हणजे वळणाशी काच चपटत नाही, आणि उलट्या काढलेल्या चित्रावर ती पालथी बसवायची, कारण नळी मागच्या बाजूनं वाकवतात. उजवं डावं होतं, डावं उजवं. तिचं अर्धं आयुष्य असं आरशातून बघण्यात गेलं होतं आणि तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

पण ते फूल. ते तिच्या बापानं केलेलं. फुंग वस्ताद म्हटलं की मोंग कॉकपासून जेटीपर्यंत लोक मान द्यायचे, आणि हा माणूस घरात शब्दाला महाग. युत-मुई एकोणीस वर्षांची होती तेव्हा तो तिला नळ्या वाकवू द्यायचा, पण पंपाशी बसू द्यायचा नाही. हवा काढणं, नळी तापवून तिच्यातली घाण जाळणं, वायू भरणं हे काम वस्तादाचं. आणि नळी पहिल्यांदा पेटते ते बटणही वायू भरणाऱ्यानंच दाबायचं, वाकवणाऱ्यानं नाही, असा त्या दुकानाचा रिवाज. पारा बायकांच्या पोटाला वाईट, असं तो म्हणायचा. तिला ते कधी पटलं नाही, पण त्याच्यासमोर बोलायची कुणाची टाप होती? पांगशेठच्या चहाघराचं फूल पेटलं त्या संध्याकाळी ती रस्त्यात गर्दीत उभी होती, आणि बापानं बटण दाबलं. असा रंग कुणी नळीत बघितलाच नव्हता. लाल नाही, गुलाबी नाही, जांभळा तर नाहीच. उन्हात भिंतीवर चढलेल्या बोगनवेलीकडे बघून डोळे मिटावेत आणि मिटलेल्या डोळ्यांत जो रंग जळत राहतो, तो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बापाचं तोंड मात्र पडलेलं होतं. तो कुणाशी बोलला नाही, भाजलेल्या डुकराचा तुकडाही त्यानं तोंडात टाकला नाही, गेला निघून. जपानहून नळीच्या आतल्या रंगाची पूड मागवली होती, असं पुढे सगळीकडे झालं. कुणी म्हटलं आणि कुणी मानलं देव जाणे, त्यानं नाकारलं नाही एवढं खरं. दुसरे चहाघरवाले, हॉटेलवाले, एक नाचघरवाला सुद्धा, आम्हालाही तोच रंग हवा म्हणून आले. तो एकच उत्तर द्यायचा, तो रंग एकाच फुलाचा. लोक म्हणायचे, काय हा ताठा.

युत-मुईला वाटायचं, ताठा नव्हे, आपल्यापासून लपवतोय. हे वाटणं तिच्या मनात घर करून बसलं. बाप म्हातारा झाला, पंप तिच्या हातात आला, आर्गॉन वायू कुठला आणि निऑन कुठला हे तिचं तिनं शिकून घेतलं, पण तो रंग काही त्यानं दिला नाही. शेवटी इस्पितळात त्याला चमच्यानं तांदळाची पेज भरवताना तिनं धीर करून विचारलंच. त्यानं पेज गिळली, आणि म्हणाला, "त्या रंगाचं काय घेऊन बसलीस." आणि भिंतीकडे तोंड केलं. झालं, एवढंच. तिनं वाटी धुतली, पालथी घातली. मुलगा असता तर सांगितलं असतं, हे तिला त्या दिवशी पक्कं कळलं, आणि कळलेलं मग कधी हललं नाही.

आता पांगशेठचं म्हणणं असं, की पाटी रस्त्यावर नाही तर नाही, पण चहाघराच्या आत, वरच्या मजल्यावर जाणाऱ्या जिन्याच्या भिंतीवर लावायचीच. दुकानाची डागडुजी चालली होती, चंद्राच्या सणानंतर नव्यानं उघडणार होतं. अक्षरं शाबूत होती. फूल मात्र तेच हवं, दुसरं नको, आणि रंग तोच हवा. जमत नसेल तर आत्ताच सांग बाई, असं तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, आणि त्या मऊपणानं तिचं पित्त खवळलं. कारण त्याच्या बाजूला याम बसला होता. हा याम तिच्या बापाचा थोरला चेला, तिच्याआधी दुकानात आलेला, म्हणून ती त्याला दादा म्हणायची. त्यानं कधीच बर्नर विझवून प्लास्टिकच्या एलईडी पट्ट्यांचं काम धरलं होतं आणि बरं चाललं होतं त्याचं. चहात पाव बुडवत तो म्हणाला, "धाकटे, कशाला हाताला चटके घेतेस? मला फुलाचा फोटो दे. माझ्या पट्टीत पाहिजे तो रंग निघतो, नंबर दाबायचा की झालं. आणि तुझी ती नेलपॉलिशची दुकानदारी पण सुटेल." पांगशेठ हसला. ती पण हसली, दुसरं काय करणार. पण जिना उतरताना तिला ठाऊक होतं की तिनं हात टेकले तर त्या भिंतीवर बापाच्या अक्षरांच्या मधोमध यामचं प्लास्टिक बसणार, आणि जो तो बघून म्हणणार, फुंग वस्तादाबरोबर विद्या गेली, मुलीला नुसतं वाकवता येतं.

नेलपॉलिशची गोष्ट खरी होती. रंगाच्या नळ्यांना आतून पुडीचा थर असतो, आणि विझलेल्या असताना त्या सगळ्या पांढऱ्या. निळी, हिरवी, गुलाबी, सगळ्या सारख्याच, दुधाच्या काचेसारख्या. म्हणून पहिल्यापासून ती टोकांना नखाचा रंग लावायची, गुलाबीला लाल, हिरवीला सोनेरी, निळीला मोत्याचा. तिचा गठ्ठा कधी चुकला नाही. त्या गठ्ठ्यातल्या गुलाबी नळ्या काढून ती आता कामाला लागली. गुलाबी पूड आणि पारा भरून पाहिला, फूल खोकल्याच्या औषधासारखं झालं. गुलाबी पुडीत निऑन भरला, तसं बाप गडद फुलांना करायचाच, तर उकडलेल्या कोळंबीचा रंग आला. जपानी पूड म्हणून जी जी बाजारात मिळाली ती आणली, पारा भरला, पेटवलं, विझवलं, फोडलं. जांभळट, मळकट, एक तर चक्क हिरड्यांसारखं. फोडलेल्या प्रत्येक फुलाचा पारा ती कागदानं वळवून बाटलीत भरत होती, आणि दर वेळी ते विसरल्यासारखं वाटणं पुन्हा यायचं, चुळबुळ करायचं आणि जायचं. झोप उडाली नव्हती, जेवण सुटलं नव्हतं, असलं काही नाही. पण ती रस्त्यानं चालताना प्रत्येक गुलाबी गोष्टीकडे चोरासारखी बघायला लागली. बाहुल्या, रेनकोट, पूजेच्या मेणबत्त्या, एका बाईचे ओठ. त्या बाईनं तर वळून विचारलं, काय बघतेस?

सण दोन-चार दिवसांवर आला तेव्हा ती फुलबाजारात गेली. फूल बघून रंग सापडणार नाही हे तिला कळत होतं, पण खोलीत बसवेना. दुपार कलली होती. बादल्यांतल्या फुलांवरून पाणी मारलं जात होतं, फुटपाथ ओला होता. एका दुकानाच्या कडेला कुंडीत बोगनवेल होती, अंगावर आल्यासारखी लाल-गुलाबी. ती तिच्यासमोर उकिडवी बसली. कुंडीवाली म्हातारी तिच्याकडे बघत होती, शेवटी म्हणाली, "तू बघतेस ते फूल नाहीच गं बाई. ती पानं. फूल मधलं, ते बारकं पांढरं." युत-मुईनं पाहिलं, खरंच, रंगीत पानांच्या पोटात पांढरी बारीक नळी होती, टोकाशी उमललेली. तिला हसू आलं. तिच्या बापानं पानं वाकवली होती आणि सगळं गाव इतकी वर्षं त्याला फूल म्हणत होतं. म्हातारी आपल्या गिऱ्हाइकांकडे वळली. युत-मुई बसून राहिली, पाय अवघडले तरी. इमारतींच्या मागे सूर्य गेला, गल्लीतला उजेड हळूहळू राखाडी व्हायला लागला, आणि तिच्या डोळ्यांसमोर बोगनवेल बदलायला लागली. शेजारच्या बादलीतले लाल गुलाब काळे पडले. बोगनवेल काळी पडली नाही. तिच्यातला लाल तेवढा विझला, जणू कुणी तेवढंच बटण बंद केलं, आणि खालून निळा वर आला. चांगला जांभळा-निळा, थंडगार. मग दुकानदारानं वरचा दिवा लावला आणि लाल धाडकन परत आला.

ती उठून उभी राहिली. त्यात निळा आहे. हे एवढं साधं वाक्य तिच्या डोक्यात इतक्या जोरात वाजलं की कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून तिनं इकडेतिकडे पाहिलं. गुलाबी म्हणून वेगळा रंग नाही त्यात. लाल आहे आणि निळा आहे, दोघं एकाच अंगात राहतात. लाल निऑनचा, निऑन स्वतःच्याच अंगानं तांबडा पेटतो, त्याला ना पारा लागतो ना पूड. आणि निळा पुडीचा. पण निळ्या पुडीत निऑन? निळ्याला पारा, हा नियम शिकाऊ पोराच्या टाळक्यात पहिल्या दिवशी टपली मारून घालतात. पाऱ्यातून डोळ्यांना न दिसणारा उजेड निघतो, तो पुडीला जागं करतो, म्हणून निळ्याला पारा. निऑनमधून तो निघत नाही. निघत नाही की फार थोडा निघतो? एवढासा, निळी पूड नीट जागी होणार नाही, नुसती कूस बदलेल, एवढा? तिचा हात आपोआप पिशवीत गेला. पाकीट, छत्री, आणि तळाशी ती कागदाची घडी. तिनं ती दुकानाच्या दिव्याखाली धरली. कोरी. एक डाग नाही, एक चांदीचा कण नाही. तिनं पाऱ्याचे मणी वळवायला घडी केली होती आणि वळवायला मणी आलेच नव्हते. पारा नव्हताच त्या फुलात. हेच ती विसरली होती. आठवलं आणि, काय सांगावं, भर बाजारात तिला नाचावंसं वाटलं.

मग एकामागून एक सगळंच आठवायला लागलं, भुयारी गाडीत उभ्याउभ्या. फूल करायच्या आधीच्या आठवड्यात बाप तिच्यावर खेकसला होता. माझ्या दुकानात नखं रंगवायचं सामान नको, नळ्या आहेत की नाटकातल्या बायका? त्यानं ब्लेड देऊन तिला सगळ्या टोकांचा रंग खरवडायला बसवलं होतं. "माझ्या बोटांना कळतं," तो म्हणाला होता. तिनं रडत रडत खरवडलं होतं, आणि नळ्या पांढऱ्याच्या पांढऱ्या झाल्या होत्या. म्हणजे त्यानं गुलाबी समजून निळी उचलली. गुलाबी समजूनच तिच्यात निऑन भरला. आणि बटण दाबलं तेव्हा रस्ताभर लोक टाळ्या वाजवत असताना त्या माणसाला एकट्याला कळलं की बोटांना कळलं नव्हतं. फूल पेटल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं तिच्या पाटावर नेलपॉलिशची एक नवी बाटली आणून ठेवली होती, लाल, चांगल्यातली. एक शब्द बोलला नव्हता. ती एवढी वर्षं त्याला बापाची माया समजत आली होती, कधीतरी एकदा ओलसर झालेला हा दगड, अशी. माया असेलही. पण ती माफी होती. त्या माणसाला तोंडानं येणार नव्हती म्हणून बाटलीत भरून आणलेली. आणि लपवलं म्हणावं तर त्याच्यापाशी लपवायला होतं काय? कुठली नळी उचलली हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. शोधता आलं असतं. एकेक पूड निऑननं भरत गेला असता तर सापडलंच असतं. पण शोधायला बसायचं म्हणजे चुकलो हे कबूल करायचं, शिकाऊ पोरासारखं. त्यापेक्षा तो रंग एकाच फुलाचा. भिंतीकडे तोंड केलं होतं ते तिच्यावर रागावून नव्हे. गाडीच्या काचेत स्वतःचं तोंड बघत युत-मुई हसली, आणि डोळ्यांतून पाणी आलं तेही तिनं पुसलं नाही. बाबा, वेडे होतात तुम्ही, असं ती मनात म्हणाली.

सकाळी तिनं मोत्याच्या रंगाचं टोक असलेली नळी घेतली. उलट्या चित्रावर तिन्ही पाकळ्या, म्हणजे पानं, एका दमात वाकवली. काच ज्योतीवर लोण्यासारखी झाली की तिला नेहमी बरं वाटायचं, पण आज हात गाणं म्हणत होते. तोंडात रबराची चव होती. टोकांना इलेक्ट्रोड जोडले, पंप लावला, हवा काढली. मग मोठ्या दाबाची वीज सोडून नळी इतकी तापवली की वर ठेवलेला कागद करपला. आतली सगळी घाण धुरासारखी निघून गेली. थंड होऊ दिली. मग भिंतीवरच्या वायूच्या दोन चाव्यांपुढे ती उभी राहिली, आर्गॉनची आणि निऑनची. सगळं शिकलेलं डोकं म्हणत होतं, आर्गॉन, निळ्याला आर्गॉन आणि पारा. तिनं निऑनची चावी फिरवली. काटा हलला. तिनं नळी वितळवून बंद केली, तारा लावल्या आणि बटण दाबलं. आधी नळी एकदा थरथरली, मग लाल आला, नुसता लाल. मग त्या लालच्या आत, काचेच्या अगदी आतल्या अंगाला चिकटलेल्या पुडीत, निळा उठला. उन्हातली भिंत उठून उभी राहिली. खोलीच्या छताला, पंपाला, तिच्या हातांना तो रंग लागला. ती त्यात हात फिरवत राहिली, उलटा, सुलटा. एकोणीस वर्षांची असताना गर्दीत मागे उभं राहून जे बघितलं होतं ते आता तिच्या टेबलावर होतं, आणि ते कसं होतं हे जगात तिला एकटीला माहीत होतं. बापालाही नव्हतं.

चहाघर उघडलं त्या संध्याकाळी माणसं मावत नव्हती. जिन्याच्या पायऱ्यांवरही लोक बसले होते. भाजलेलं डुक्कर आलं होतं, लाल कागद चिकटवलेल्या फुलांच्या टोपल्या आल्या होत्या, आणि दाराशी एका टोपलीच्या मागे याम उभा होता, पिशवीत आपलं प्लास्टिकचं फूल घेऊन, असावं जवळ म्हणून. पांगशेठनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि हाक मारली, "फुंग वस्ताद, या, बटण दाबा." युत-मुईनं सवयीनं मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. मग तिच्या लक्षात आलं, आणि ती पुढे झाली. अक्षरं हिरवी पेटली, एकामागून एक, आणि मधोमध बोगनवेल. जुनी गिऱ्हाइकं, म्हातारे, कप हातात धरून उभी राहिली. एक जण म्हणाला, अरे हे तर तेच. पांगशेठ नुसता तिच्या पाठीवर थापट्या मारत राहिला. रंग सगळ्यांच्या तोंडांवर पडला होता. यामच्याही.

याम गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी आला. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला, फुलाच्या अगदी जवळ डोळे नेले, उजेड झाकायला काळी रंगवलेली मागची वळणं पाहिली, टोकं पाहिली. पिशवी त्यानं केव्हाच पायाशी ठेवून दिली होती.

"कुठली पूड?" त्यानं हळू आवाजात विचारलं. या धंद्यात असं कुणी विचारत नाही आणि विचारलं तर कुणी सांगत नाही.

"निळी," ती मोठ्यानं म्हणाली, जिन्यावरच्यांनाही ऐकू जाईल असं. "निळ्या पुडीत निऑन."

"चल. निळीत निऑन कुणी भरतं होय?"

"बाबांनी भरला, दादा. चुकून," युत-मुई म्हणाली. "मी मुद्दाम भरला."